सौंदर्योपचाराचे शिक्षण : हात, त्वचा आणि नकार

ब्यूटी पार्लरमधले जवळजवळ प्रत्येक काम त्वचेच्या सर्वांत वरच्या थरावर, नाहीतर त्या थरातून उगवणाऱ्या केसांवर आणि नखांवर चालते. हा थर म्हणजे बाह्यत्वचा. पापणीवर तिची जाडी जेमतेम ०.०५ मिलिमीटर असते, तर तळपायावर ती दीड मिलिमीटरपर्यंत जाते. तिच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत केराटिनने भरून कडक होतात आणि शेवटी पृष्ठभागावरून गळून पडतात. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. फेशियल महिन्यातून एकदा करावे या पार्लरच्या प्रघाताला काही शास्त्रीय आधार असेल तर तो हाच. फेशियल करणारी आणि करवून घेणारी, दोघींनाही तो क्वचितच ठाऊक असतो.

सौंदर्योपचाराच्या शिक्षणातली मुख्य अडचण एवढ्यात दिसते. काम हाताचे आहे आणि हात सरावाने तयार होतो. मात्र तो जिच्यावर चालतो ती त्वचा जिवंत असते, दुखावते, चिडते, डाग धरते आणि कधीकधी आतल्या आजाराची खबर देते. म्हणून या विषयात दोन वेगळी शिक्षणे एकत्र आली आहेत : कसे करायचे याचे आणि केव्हा करायचे नाही याचे. पहिले डोळ्यांना दिसते, लवकर येते आणि लगेच पैसे देते. दुसरे दिसत नाही, उलट हातचे गिऱ्हाईक घालवते. बहुतेक क्लासांत पहिले शिकवले जाते आणि दुसरे वहीत उतरवून घेतले जाते. या लेखाचे म्हणणे असे की शाळेची गरज मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे. पहिले एखाद्या चांगल्या पार्लरमध्ये हाताखाली राहूनही येते.

महाराष्ट्रात हे शिक्षण घेण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आयटीआयमध्ये, कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. केंद्राच्या कौशल्य योजनांखाली ‘असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट’, ‘ब्यूटी थेरपिस्ट’ अशा पायऱ्या ठरवून त्यांची प्रमाणपत्रे दिली जातात. प्रसाधन कंपन्यांच्या आणि मोठ्या सलोन-साखळ्यांच्या अकादम्या आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडेस्को’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका परदेशी किंवा क्रूझवर नोकरी करू पाहणाऱ्या मुलींना खुणावते. आणि या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त मुली शिकतात त्या गल्लीतल्या पार्लरवालीकडे, पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या, फार तर सहा महिन्यांच्या क्लासात. क्रम सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच असतो : थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, क्लीनअप, फेशियल, मॅनिक्युअर-पेडिक्युअर, मग केस, मेकअप आणि शेवटी वधूचा साजशृंगार, त्यात नऊवारी नेसवणे आणि खोपा घालणेही आले. त्वचेचा धडा पहिल्या आठवड्यात होतो. परीक्षेत थरांची नावे विचारली जातात आणि विषय तिथेच मिटतो.

या धड्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट थरांच्या नावांत नाही, रंगात आहे. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या किती मेलॅनिन बनवतात आणि ते कसे पसरते, यात फरक असतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कशी प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले. पुढे विस्तारून ते सहा झाले. भारतीयांची त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात बसते. या त्वचेला उन्हाचे संरक्षण बऱ्यापैकी असते, पण तिची एक खोड आहे. तिला कुठलीही इजा झाली, चटका बसला, ओरखडा आला, पुरळ फोडले गेले, की जखम भरल्यावर तिथे काळा डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने हटत नाही. युरोपीय त्वचेवर ज्या तीव्रतेचे ॲसिड पील किंवा जितके गरम वॅक्स चालून जाते, ते इथे डाग ठेवून जाऊ शकते. परदेशी पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे वापरण्यातला धोका तो हा. उजळपणासाठी आलेली बाई उपचारामुळेच काळवंडून जाते, असे पार्लरमध्ये घडते तेव्हा बहुधा कारण हेच असते. दोष मात्र तिच्या ‘सेन्सिटिव्ह स्किन’वर टाकला जातो.

ब्लीचचेही तसेच. ते रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करते, आणि चेहरा उजळल्यासारखा दिसतो तो मुख्यतः चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी झाल्यामुळे. त्वचेचा मूळ रंग बदललेला नसतो. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. ते शिकलेली मुलगी दर पंधरा दिवसांनी ब्लीच मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगेल, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो शास्त्राचा नाही, धंद्याचा आहे.

त्वचा आतल्या आजाराची खबर देते ती अशी. मान काळी पडली म्हणून ती ‘स्वच्छ’ करून घ्यायला मुली येतात. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळसर झालेली त्वचा बहुतेक वेळा इन्सुलिन-प्रतिरोधाची खूण असते आणि ती घासून जाणार नाही. हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या कडेने मुरुमे आणि पाळी अनियमित असे एकत्र आढळले तर बीजकोषांच्या विकाराची शंका घ्यावी लागते. तिथे दर दहा दिवसांनी थ्रेडिंग हा उपाय नव्हे. मुठीमुठीने केस गळण्यामागे थायरॉइड किंवा रक्तक्षय असू शकतो. फिकट चट्टा, आणि त्यावर दोऱ्याचा किंवा मेणाचा स्पर्श जाणवत नाही असे गिऱ्हाईक सहज बोलून गेले, तर ते कुष्ठरोगाचे पहिले लक्षण असू शकते. विदर्भाच्या काही जिल्ह्यांत हा रोग आजही सापडतो. पार्लरवालीने निदान करायचे नाही, औषध तर मुळीच सुचवायचे नाही. तिने फक्त ‘हे आमचे काम नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे म्हणायचे. डॉक्टरकडे वर्षातून एकदाही न जाणारी बाई पार्लरमध्ये महिन्याला जाते, चांगल्या उजेडात, जवळून, तासभर. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही जागा किती मोलाची आहे याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

याच्या नेमके उलट जे घडते ते भीषण आहे. उजळ रंगाच्या हव्यासापोटी बीटामेथासोन, मोमेटासोन अशा स्टिरॉइडची मलमे चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावली जातात. सुरुवातीला चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात, मुरुमे फुटतात आणि मलम थांबवले की आग होते, म्हणून ते थांबवता येत नाही. ही अवस्था इतकी सर्रास दिसू लागली की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी तिला वेगळे नाव दिले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारला अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घालावी लागली. पाऱ्याचे प्रकरण त्याहून गंभीर. पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून उजळपणाच्या स्वस्त, बेनामी क्रीममध्ये तो सापडतो. त्वचेतून तो शरीरात जातो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांना असा विकार झाल्याचे आणि त्यांच्या वापरातल्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीनंतर वृत्तपत्रांत आले होते. केरळमध्येही अशा रुग्णांची नोंद झाली. लेबल नसलेली, घटक न लिहिलेली डबी पार्लरमध्ये ठेवायचीच नाही, हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिण्याच्या योग्यतेचा आहे.

रसायनांचा अभ्यास हा या शिक्षणातला सर्वांत दुर्लक्षित भाग. केसाचा आकार केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांनी टिकतो. पर्मिंगचे आणि काही स्ट्रेटनिंगचे द्रावण हे बंध तोडते आणि दुसरे द्रावण ते नव्या आकारात पुन्हा जोडते. केस काढण्याच्या क्रीममध्ये तीच जात अधिक तीव्र अल्कलीसोबत असते आणि ती बंध तोडून केसच विरघळवते. एवढे कळले की क्रीम सांगितल्यापेक्षा पाच मिनिटे जास्त का ठेवायची नाही, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. केस रंगवताना वापरायचे ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ‘४० व्हॉल्यूम’ म्हणजे १२ टक्के. दुप्पट आकड्याची बाटली उचलणे म्हणजे काय, ते इथे समजते. काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी कुणाला कधी होईल सांगता येत नाही. दहा वेळा सुखरूप लावलेला डाय अकराव्या वेळी चेहरा सुजवू शकतो. म्हणून ४८ तास आधी कानामागे थेंब लावून पाहण्याची चाचणी. पाकिटावर ती छापलेली असते, क्लासात शिकवलेली असते, आणि लग्नसराईत ती करणारी पार्लरे मात्र शोधावी लागतात.

केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे विकले जाते त्यातल्या काही द्रावणांतून इस्त्रीची उष्णता लागताच फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. तो मानवात कर्करोग घडवतो हे निश्चित मानले गेले आहे. फॉर्माल्डिहाइड नको म्हणून ग्लायऑक्सिलिक ॲसिड आले. आता त्याच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत. इथे आणखी एक मुद्दा आहे आणि तो गिऱ्हाइकाचा नाही. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तो वास घेते, काम करणारी मुलगी रोज घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन आणि केशभूषा हा व्यवसायच ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. खिडकी उघडी ठेवणे, हातमोजे घालणे, हे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातले गौण तपशील समजले जातात. प्रत्यक्षात ते शिकणाऱ्या मुलीच्या पुढच्या तीस वर्षांचे प्रश्न आहेत.

स्वच्छतेबाबत पाठ्यपुस्तके सविस्तर असतात, पार्लरे नसतात. धुणे, निर्जंतुक करणे आणि पूर्ण जंतुविरहित करणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्वचा छेदणारे कोणतेही धातूचे हत्यार तिसऱ्या पायरीवर गेले पाहिजे, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसला दाबाखालच्या वाफेत. अनेक पार्लरांत निळा दिवा लागलेली एक पेटी असते आणि तिच्यावर ‘स्टरिलायझर’ लिहिलेले असते. अतिनील किरण समोरचा पृष्ठभाग सोडून कुठेच पोहोचत नाहीत, कात्रीच्या खालच्या बाजूलाही नाही. ती पेटी स्वच्छ केलेली हत्यारे ठेवायची जागा आहे, स्वच्छ करायची नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, एवढे वाक्य त्या पेटीशेजारी चिकटवले तरी पुष्कळ. मेणाच्या भांड्यात तीच चमची पुन्हा बुडवणे, दोरा दातात धरून थ्रेडिंग करणे, या दोन सवयी तर इतक्या अंगवळणी पडलेल्या आहेत की त्यांत काही गैर आहे हेच वाटत नाही. मानेत अडकवलेल्या दोऱ्याने तेच काम तितकेच साफ होते.

२००० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलोनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून अधिक बायकांच्या पायांवर न भरणारे फोड उठले. तपास झाला तेव्हा पाय बुडवण्याच्या टबातल्या जाळीमागे केस आणि मृत त्वचेचा गाळ साचलेला आढळला आणि त्यात क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक जीवाणू वाढत होता. टब चकचकीत होते. जाळी मात्र कुणी उघडली नव्हती. ज्यांनी पेडिक्युअरआधी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका अधिक होता. या एका घटनेत स्वच्छतेचा अर्धा अभ्यासक्रम मावतो, आणि तरीही ही घटना कॅलिफोर्नियातली आहे, जिथे परवान्याशिवाय हे काम करताच येत नाही.

यंत्रे आली तेव्हा सीमेचा प्रश्न आला. गॅल्व्हॅनिक आणि हाय-फ्रिक्वेन्सीची साधी यंत्रेही पेसमेकर असलेल्या किंवा गर्भवती स्त्रीवर वापरायची नसतात. मायक्रोनीडलिंग, तीव्र पील, लेझर आणि इंजेक्शने ही तर वैद्यकाची हद्द आहे. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे एका परवाना नसलेल्या स्पामध्ये रुग्णाचेच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात सोडण्याचे ‘व्हॅम्पायर फेशियल’ केले जात असे. २०१८ मध्ये तो बंद झाला. तिथे गेलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. आपल्याकडे तीन दिवसांच्या कार्यशाळेत ‘ॲडव्हान्स्ड स्किन’चे सर्टिफिकेट मिळते आणि यंत्र हप्त्यावर मिळते. यंत्र विकणारा कंपनीचा माणूसच प्रशिक्षण देतो. ‘कुणावर वापरू नये’ हे पान तो भरभर उलटणार हे उघड आहे.

नकाराचे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते आता सांगता येईल. मुरुमांच्या गोळ्या, विशेषतः आयसोट्रेटिनॉइन, चालू असताना आणि थांबवल्यावरही काही महिने चेहऱ्याचे वॅक्सिंग करायचे नाही, कारण मेणाबरोबर कातडीच निघते. रेटिनॉलचे क्रीम लावणाऱ्यांबाबतही तीच सावधगिरी. चेहऱ्यावर चामखिळी असतील तर थ्रेडिंग नाही, दोरा त्या ओळीने पसरवतो. मान मागे टाकून बेसिनवर केस धुताना चक्कर आली तर तिथेच थांबायचे. मानेतल्या रक्तवाहिनीवर ताण येऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे १९९३ पासून वैद्यकीय साहित्यात ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ या नावाने नोंदलेली आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच फेशियल नाही. ही यादी लांबवता येते. यादीपेक्षा महत्त्वाचे असे की प्रत्येक नकारासाठी आधी प्रश्न विचारावा लागतो. कोणते औषध चालू आहे, पूर्वी कशाची रिॲक्शन आली होती, हे विचारून कार्डावर लिहून ठेवावे लागते. हे कार्ड प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. गर्दीच्या शनिवारी ते कोरेच राहते.

ते कोरे राहण्याचे कारण केवळ अज्ञान नाही. शिकून बाहेर पडलेली मुलगी नोकरीला लागते तेव्हा तिला महिन्याचे टार्गेट असते, कमिशन असते, विकायची प्रॉडक्ट्स असतात. ॲपवरून घरोघरी जाणारीला तर गिऱ्हाइकाने दिलेल्या ताऱ्यांवर पुढचे काम मिळते. नकार देणारीला तारे कमी पडतात. घरच्या खोलीत पार्लर चालवणारीचे गिऱ्हाईक समोरच्या इमारतीत जाते. तेव्हा केवळ धडा शिकवून भागत नाही, नकार कसा द्यायचा याचाही सराव लागतो, कारण नकाराच्या जोडीला पर्याय द्यावा लागतो : आज वॅक्स नाही, ट्रिमिंग करू, आज पील नाही, चार आठवड्यांनी या. डमीच्या डोक्यावर केस कापायला तासन्‌तास दिले जातात, या संवादाला अर्धा तासही नाही.

हाताच्या शिक्षणाबद्दल मात्र तक्रारीला फार जागा नाही. थ्रेडिंगमध्ये दोऱ्याची कात्री कोणत्या कोनात उघडावी, त्वचा कुणी ताणून धरावी, वॅक्सची पट्टी त्वचेला समांतर का ओढावी, हे इथे उत्तम शिकवले जाते आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. ती परंपरा ज्यांची होती त्यांना तिचे श्रेय मिळाले नाही, ही गोष्ट बाजूला टाकता येत नाही. नाभिक समाजाचे हात गावगाड्यात शतकानुशतके हेच काम बलुत्यावर करत होते. शहरात तेच काम काचेच्या दारामागे गेले, त्याला इंग्रजी नाव मिळाले, आणि फी भरून ते शिकायला सगळ्या जातींच्या मुली आल्या. या व्यवसायातल्या नकाराचा सर्वांत थोर दाखलाही त्याच समाजाने दिला आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो कुणावर चालवायचा नाही ते ठरवले. सौंदर्योपचाराच्या एखाद्या पाठ्यपुस्तकात हा प्रसंग असायला हरकत नव्हती.

स्त्रियांना या कामात शिरू देण्याचा प्रश्नही सरळ सुटलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांनी पतीच्या निधनानंतर वस्तरा हाती घेतला तेव्हा गावाला ते पचवायला वेळ लागला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त केस करायचे, असा कामगार संघटनेचा नियम अनेक दशके होता. परदेशी रीतसर शिकून आलेल्या चारू खुराना यांना त्यामुळे सदस्यत्व नाकारले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. कौशल्य असून परवानगी नाही, याचे हे टोक होते.

दुसऱ्या टोकाला आजची स्थिती आहे. दुकान उघडताना दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली नोंद होते. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार थोडीच माणसे असतील तर नुसती सूचना दिली की पुरते. प्रसाधने कशी बनवावीत यावर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि २०२० चे नियम आहेत. पण ती प्रसाधने दुसऱ्याच्या चेहऱ्याला लावणाऱ्या व्यक्तीला काय यायला हवे, याबद्दल कायदा गप्प आहे. दुकानाची नोंद होते, हाताची परीक्षा कुणी घेत नाही. सर्टिफिकेट भिंतीवर लावायचे, ते कुणाचे, किती दिवसांचे, हे वाचणारा निरीक्षक नाही.

मग अमेरिकेसारखा परवाना आणावा का? तिथे प्रत्येक राज्याचे मंडळ किती तास शिकल्यावर परीक्षेला बसता येईल ते ठरवते. कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीला १६०० तास लागत, २०२२ पासून ते १००० झाले. त्वचेपुरत्या परवान्याला ६०० लागतात. तास वाढवले की सुरक्षितता वाढते, असा समज यामागे आहे. त्या समजाची सर्वांत रोचक परीक्षा टेक्सासमध्ये झाली, आणि गंमत अशी की ती आपल्या थ्रेडिंगवरून झाली. मॉलमध्ये दोऱ्याने भुवया कोरून देणाऱ्यांना, त्यांत बरेच दक्षिण आशियाई, तिथल्या परवाना खात्याने ७५० तासांचा त्वचोपचाराचा परवाना आणायला सांगितले. त्या अभ्यासक्रमात पील होते, यंत्रे होती, मेकअप होता. ज्यासाठी परवाना मागितला होता ते थ्रेडिंग शिकवणे शाळांवर बंधनकारक नव्हते. दोरा धरणारे न्यायालयात गेले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ७५० पैकी सुमारे ३२० तासांचा त्यांच्या कामाशी संबंध नाही आणि इतके ओझे लादणे राज्यघटनेत बसत नाही.

या निकालाचा अर्थ ‘परवाना नकोच’ असा लावणारे पुष्कळ आहेत. तो पूर्ण अर्थ नव्हे. उरलेल्या तासांत स्वच्छता आणि संसर्गाचे धडे होते आणि त्यांचा कामाशी संबंध होताच. चूक तासांच्या मोजमापात होती. किती वेळ वर्गात बसलात याने कारागिरीही मोजता येत नाही आणि सावधपणाही. शिवाय लांब अभ्यासक्रमाचा खर्च गरीब मुलीवर पडतो आणि फायदा शाळेला होतो. शिकाऊ मुलींकडून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांचे काम करून घेणारी शाळा तास कमी करा असे कधी म्हणणार नाही. भारतात हजार तासांचा परवाना आणला तर घरातल्या एका खुर्चीवर संसार चालवणाऱ्या लाखो बाया एका फटक्यात बेकायदा ठरतील आणि सर्टिफिकेटांचा काळा बाजार तेवढा भरभराटीला येईल.

उलट, काहीच नको हेही पटणारे नाही. केस वाईट कापले तर वाढतात, मेकअप फसला तर धुता येतो. तिथे बाजार न्याय करू शकतो. पाऱ्याने गेलेले मूत्रपिंड, जंतुविरहित न केलेल्या हत्याराने आलेली कावीळ, यांचा न्याय बाजार करत नाही, कारण लक्षणे दिसेपर्यंत महिने गेलेले असतात आणि कुठल्या पार्लरने काय केले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सक्ती असावी, पण ती फक्त जिथे नुकसान भरून येत नाही तिथे. त्वचेची रचना आणि तिच्या धोक्याच्या खुणा, रसायने, निर्जंतुकीकरण, कोणते काम कोणाचे नाही याची सीमा आणि प्रथमोपचार, एवढ्याच विषयांचे दोन-तीन आठवड्यांचे शिक्षण, त्यावर राज्याने घेतलेली एक छोटी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, फी नाममात्र, आणि दर काही वर्षांनी उजळणी. परीक्षा मराठीत असावी, कारण जिला लेबल वाचून दाखवायचे आहे तिला ते समजलेले असणे हा परीक्षेचाच भाग आहे. थ्रेडिंग कुठे शिकलात, मेकअप कुणाकडे शिकलात, यात सरकारने पडू नये. आज वर्षानुवर्षे काम करणाऱ्या स्त्रियांना थेट परीक्षेला बसता यावे. हे शिक्षण द्यायला नव्या इमारतींची गरज नाही. आयटीआय प्रत्येक तालुक्याच्या आसपास आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका ऑटोक्लेव्ह रोज चालवते.

आक्षेप येईल की कागदावरच्या अशा परीक्षेने शनिवारच्या गर्दीत काही बदलणार नाही. थोडेसे बदलेल. ‘मला परवाना जपायचा आहे’ हे वाक्य मालकिणीलाही सांगता येते आणि गिऱ्हाइकालाही. आज नकार देणाऱ्या मुलीपाशी टेकायला काहीच नाही.

तोवर क्लास निवडण्याचे काम मुलींना आणि त्यांच्या घरच्यांनाच करायचे आहे. फी आणि ब्रायडलचे फोटो पाहण्याआधी तिथे ऑटोक्लेव्ह आहे का ते पाहावे, शिकवणारीला ४८ तासांच्या चाचणीबद्दल विचारावे, आणि गिऱ्हाइकाला परत पाठवण्याची वेळ तिच्यावर शेवटची कधी आली होती तेही विचारावे. जिला तो प्रसंग आठवत नाही, तिच्याकडे त्वचेचे काम शिकायला जाऊ नये.